स्पीकर भंगारात द्यायच्या आधी: कॉम्प्युटर स्पीकर आणि डॉकवाले सेट घरच्या घरी कसे तपासायचे

मागच्या श्रावणात आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या एक काकू त्यांचा २.१ चा सेट घेऊन आल्या, म्हणजे एक बेसचा डबा आणि दोन छोटे स्पीकर. तक्रार काय, तर "अरे, गाणाऱ्याचा आवाजच येत नाही, नुसती पेटी आणि टाळ वाजतात." एका दुकानात दाखवून झालं होतं, तिथे आतली आयसी (आवाज मोठा करणारी चिप) उडाली, नवीनच घ्या असं सांगितलं होतं. मी बघितलं तर आयसी एकदम ठणठणीत. कॉम्प्युटरला लावायची जी पिन असते तिच्या मानेपाशी वायर वाकून वाकून आतली अर्थची तार, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची सामायिक परतीची तार, तुटलेली होती, बाकी काही नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण हा दोष खूप कॉमन आहे आणि एकदा कळला की कानानेच ओळखता येतो. रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच टाकलेला असतो, म्हणून तो मधून आल्यासारखा वाटतो. अर्थची तार तुटली की दोन्ही बाजूंमधला फरक तेवढा स्पीकरला पोचतो, आणि जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं, म्हणून गायक गायब आणि बाजूची वाद्यं शिल्लक. जुनी मोनो रेकॉर्डिंग असतील तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. काकू जुने अभंग लावायच्या तेव्हा सेट बंद आणि नवीन लावले की अर्धवट चालू, म्हणून घरात सगळ्यांना वाटलं मशीन मधूनमधून मरतंय. वीस-तीस रुपयांची पिन बदलली, सेट आजही चालू आहे.

मी ही कामं हौसेने बरीच वर्षं करतोय आणि माझं एकच सांगणं आहे की डबा सगळ्यात शेवटी उघडा. आवाजाचा एक रस्ता असतो, कॉम्प्युटरमधून निघतो, सेटिंगमधून, पिनेतून, वायरीतून, व्हॉल्यूमच्या बटणातून, ॲम्प्लिफायरमधून शेवटी कोनपर्यंत, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यापर्यंत, आणि बाजूने पॉवरचा वेगळा रस्ता येतो. आवाज कुठपर्यंत पोचतोय तेवढंच शोधायचं आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वायर पण बदलली, ड्रायव्हर पण टाकला, प्लग पण हलवला आणि मग चालू झालं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि आठ दिवसांनी परत येतो.

सामान काय लागेल

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, खात्रीची चालू असलेली ऑक्स वायर (दोन्ही टोकांना ३.५ एमएमची पिन असलेली), एक इअरफोन, ३.५ एमएमचं भोक असलेला जुना मोबाईल (टाइप-सीचे कन्व्हर्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून चाचणी करू नका), आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, जुना टूथब्रश, एक पेन्सिल सेल आणि पुढे जाऊन सोल्डरिंग करणार असाल तर २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न. एवढं बहुतेक एमजी रोडच्या बाजूला मिळून जातं, अल्कोहोल मेडिकलमध्ये विचारा.

पायरी १: दोष कुठल्या बाजूला आहे ते आधी ठरवा

स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढा आणि मोबाईलला लावा. मोबाईलवर नीट वाजला तर स्पीकर चांगला आहे, पायरी २ वर जा. नाही वाजला तर उलटं करा, कॉम्प्युटरच्या त्याच भोकात इअरफोन लावा, इअरफोनमध्ये आवाज आला तर कॉम्प्युटर चांगला आहे आणि मग पायरी ३ पासून पुढे. दोन मिनिटांचं काम आहे पण लोक हे न करता तास तास ड्रायव्हर टाकत बसतात.

मोबाईल पण हाताशी नसेल तर बोटाची चाचणी करा. सेट चालू, व्हॉल्यूम अगदी कमी, पिन कशालाही न लावता तिच्या अगदी टोकाला बोट लावा. "घूंऽऽ" असा आवाज आला म्हणजे त्या टोकापासून कोनपर्यंतचा सगळा रस्ता जिवंत आहे. टोक म्हणजे डावी बाजू, मधली रिंग म्हणजे उजवी, आणि वायरीकडचा लांब भाग अर्थ. टोकाला लावल्यावर डावा घुमला पाहिजे आणि रिंगला लावल्यावर उजवा. कधीकधी बोटाला बारीक मुंग्या येतात, ते घरात अर्थिंग नीट नसल्याचं लक्षण असतं, त्यावर पुढे बोलतो. झटका म्हणावा इतकं लागलं तर मात्र सेट लगेच बंद करून प्लग काढा आणि परत लावू नका.

पायरी २: कॉम्प्युटरची बाजू

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे आउटपुट बदललेलं असतं. एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज स्वतःहून आवाज तिकडे पाठवते, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात. खाली टास्कबारवर स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि तिथल्या आउटपुटच्या यादीत "स्पीकर्स" किंवा "रियलटेक" असं जे आहे ते निवडा. त्यानंतर व्हॉल्यूम मिक्सर उघडून बघा, कारण पूर्ण सिस्टीमचा आवाज चालू असतो आणि फक्त ब्राउझरचा शून्यावर असतो असं पण होतं. यूट्यूबच्या टॅबवर राइट क्लिक करून ती साइट म्यूट नाही ना ते पण बघा, मुलं करून ठेवतात.

डेस्कटॉप असेल तर पिन कुठे लावली आहे ते टॉर्च लावून बघा. मागे हिरवं भोक म्हणजे स्पीकर, गुलाबी म्हणजे माइक, निळं म्हणजे बाहेरून आवाज आत घ्यायचं. कॅबिनेट पुसताना पिन निघते आणि परत लावताना गुलाबीत जाते, टेबलाखाली वाकून अंधारात दोन्ही रंग सारखेच दिसतात. पुढच्या भोकात लावून चालत नाही पण मागे चालतं असं असेल तर पुढच्या पॅनलची वायर मदरबोर्डवरून सुटलेली असू शकते, तोपर्यंत मागेच वापरा.

तरीही नाही आलं तर या क्रमाने जा. सर्चमध्ये "सर्व्हिसेस" उघडा, त्यात विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन्ही चालू पाहिजेत, नसतील तर चालू करा, असतील तरी एकदा रिस्टार्ट करा. मग साउंडच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा, आवाज फाटल्यासारखा किंवा विहिरीतून आल्यासारखा येत असेल तर बऱ्याचदा इथेच सुटतो. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडचं डिव्हाइस अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, विंडोज साधा ड्रायव्हर स्वतः टाकते. त्यानेही नाही झालं तरच लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. त्या "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" वाल्या सॉफ्टवेअरच्या नादी कृपा करून लागू नका, नको ते बरोबर घेऊन येतात.

उबुंटू वगैरे वापरत असाल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एखाद्या पट्टीखाली दोन एम दिसले तर ती म्यूट आहे, तिच्यावर जाऊन कीबोर्डचं एम दाबा.

ब्लूटूथ स्पीकरचा आवाज फोनवर बोलल्यासारखा बारीक आणि घोगरा येत असेल तर स्पीकर खराब नाही. आउटपुटच्या यादीत त्याच स्पीकरची दोन नावं दिसत असतील, त्यातलं "हँड्स-फ्री" वालं निवडलं गेलंय, "स्टिरिओ" वालं निवडा. आणि एकच नाव दिसत असेल तर एखादा मीटिंगचा ॲप स्पीकरचा माइक धरून बसलाय, त्या ॲपमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा. हे लॉकडाऊनपासून खूप बघितलंय.

पायरी ३: पिन आणि वायर

एकाच बाजूने आवाज येत असेल तर अदलाबदल करायची. बेसच्या डब्याच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या ज्या पिना असतात त्या एकमेकांच्या जागी लावा. आधी डावा बंद होता आणि आता पण तोच स्पीकर बंद असेल तर तो स्पीकर किंवा त्याची वायर खराब. पण आता दुसरा बंद झाला आणि पहिला वाजायला लागला तर दोन्ही स्पीकर चांगले आहेत, दोष मागे ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधी आहे. मग तशीच अदलाबदल कॉम्प्युटरच्या वायरीची, म्हणजे सेटला लाल-पांढऱ्या पिना असतील तर त्या उलट्या करा. दोष वायरीबरोबर सरकला की वायर किंवा कॉम्प्युटर, जागेवर राहिला की सेट. मल्टिमीटर नसलेला माणूस सुद्धा एवढ्यावरून निम्मं निदान करू शकतो. आणि हे करण्याआधी विंडोजमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे का ते बघून घ्या म्हणजे झालं.

पिन खराब आहे का बघायला गाणं चालू ठेवून वायर पिनेच्या मानेपाशी हळू हळू चारी बाजूंना वाकवा. खरखर झाली, आवाज आला-गेला, की सापडलं. पण एक लक्षात ठेवा, दोष कॉम्प्युटरच्या भोकात पण असू शकतो, म्हणून तीच वायर मोबाईलला लावून परत वाकवा. भोकात खिशातल्या कापसासारखा कचरा बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही, आणि अर्धवट पिन पण गायक गायब करते. कॉम्प्युटर बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई घालू नका.

नवीन पिन बसवायची असेल तर असं करा. जुनी पिन मानेपासून साधारण ५ सेंटिमीटर मागे कापा कारण तुटलेला भाग तिथेच असतो. नवीन पिनेची टोपी आधी वायरीत ओवून घ्या, नाहीतर सगळं सोल्डर झाल्यावर टोपी बाहेरच राहते आणि परत सगळं सोडावं लागतं. आतल्या तारा सोला. काही वायरींमध्ये तारा लाल, हिरव्या, तांबूस रंगाच्या दिसतात आणि वर प्लास्टिक नसतं, ते रंग म्हणजे वार्निश आहे, त्यावर सोल्डर धरत नाही, आयर्नवर भरपूर सोल्डर घेऊन त्या टोकाला धरून ठेवा, वार्निश जळून धूर निघेल आणि तार चंदेरी होईल. मग मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून कुठली तार कुठली ते बघा, तांबूस बहुतेक अर्थ असते पण बहुतेकवर जाऊ नका, मोजा. डावी टोकाला, उजवी रिंगला, अर्थ लांब पट्टीला. शेवटी पट्टीची पाकळी वायरीच्या बाहेरच्या सालीवर दाबा, तारांवर नाही, म्हणजे ओढ सालीवर येते. तिन्हीपैकी कुठल्याही दोघांमध्ये बीप येता कामा नये, पण हे वायर सेटमधून सोडलेली असतानाच तपासा.

पायरी ४: घुंई, गुणगुण, खरखर

यावर जरा वेळ देतो कारण जुन्या नाशकात, वाड्यांमध्ये आणि भाड्याच्या घरांमध्ये हा त्रास फार आहे, आणि लोक स्पीकरला दोष देऊन मोकळे होतात.

पहिली चाचणी, इनपुटची वायर सेटमधून पूर्ण काढा आणि व्हॉल्यूम शून्य करा. तरीही घुंई आली तर ती सेटच्या पोटातली आहे, पॉवर सप्लायचा कपॅसिटर (वीज साठवणारा नळकांड्यासारखा भाग) सुकलाय, पायरी ८ बघा. वायर काढल्यावर शांत झालं तर दोष बाहेर. दुसरं, घुंई व्हॉल्यूमच्या बटणाबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती बटणाच्या आधीच कुठून तरी येतेय, आणि बटण फिरवून काहीच फरक पडत नसेल तर बटणाच्या पुढे. फक्त एवढं लक्ष देऊन ऐकलं तरी अर्धा डबा तपासून झाल्यासारखं आहे.

बाहेरची घुंई असेल आणि लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर भिंतीतून काढा, बॅटरीवर चालू द्या. घुंई लगेच थांबली तर स्पीकर आणि लॅपटॉप दोन्ही निर्दोष आहेत, प्रश्न अर्थिंगचा आहे. आता यात दोन अगदी उलटे प्रकार आहेत. एका प्रकारात घराला अर्थिंगच नाही, थ्री-पिन सॉकेट आहे पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या पत्र्यावर चार्जरमधून थोडा व्होल्टेज तरंगत राहतो, हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं, खरबरीत लागतं, आणि तुम्ही पिनेच्या धातूला किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की घुंई कमी होते. दुसऱ्या प्रकारात अर्थिंग आहे, पण कॉम्प्युटर एका सॉकेटमधून आणि सेट दुसऱ्या सॉकेटमधून अर्थ घेतोय आणि दोन्ही अर्थ ऑक्सच्या वायरीतून जोडले जाऊन एक कडं तयार होतं. त्या कड्यातून आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या लाईटची गुणगुण फिरते. इथे हात लावून फरक पडत नाही.

दुसऱ्या प्रकाराला उपाय सोपा, कॉम्प्युटर, मॉनिटर आणि सेट तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरी राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ऑक्सच्या वायरीच्या मध्ये लावायची, आत दोन बारीक ट्रान्सफॉर्मर असतात. टीव्हीच्या केबलचा सेटटॉप बॉक्स त्याच सेटला जोडला असेल तर केबलची बाहेरची वायर काढून बघा, ती पण अर्थ घेऊन येते.

पहिल्या प्रकाराला उपाय एकच, वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या. ते स्पीकरसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी आहे. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन सगळं त्याच वायरिंगवर आहे. वायरमन फेज आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजेल, ते फेज-न्यूट्रलइतकंच म्हणजे २३० च्या आसपास यायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. आणि कोणी कितीही सांगितलं की प्लगची अर्थची पिन कापून टाका, घुंई जाते, तरी ते करू नका. घुंई जाते हे खरं आहे, पण उद्या आत फेजची तार पत्र्याला टेकली तर तो करंट जायला रस्ताच उरत नाही आणि तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

"टक-टक-टक, टर्रर्र" असा आवाज मधूनच येत असेल तर मोबाईल सेटच्या जवळ ठेवलाय, रेंज कमी झाली की तो टूजीवर जातो तेव्हा जास्त येतो, हातभर लांब ठेवा.

सतत बारीक "स्स्स" येत असेल तर कॉम्प्युटरचा आवाज ८० ते ९० वर ठेवा आणि सेटचं बटण कमी करा, बरेच जण उलटं करतात.

पायरी ५: पॉवर आणि ॲडॉप्टर

दिवाच लागत नसेल तर आधी प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये. मग ॲडॉप्टर. ॲडॉप्टरवर काय लिहिलंय ते नीट वाचा, व्होल्टेज, अँपिअर, आणि एसी की डीसी. काही जुन्या स्पीकरच्या ॲडॉप्टरचं आउटपुट एसीच असतं आणि लोक त्याला डीसीचा लावतात, मग चालत नाही किंवा आतलं काहीतरी जातं. डीसी असेल तर गोलाकार चिन्ह बघा, मधला ठिपका प्लसला जोडलाय की मायनसला. बदलताना व्होल्टेज तेवढंच पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, ध्रुवता तीच पाहिजे.

मल्टिमीटरने मोकळ्या पिनेवर बरोबर व्होल्टेज आला म्हणून ॲडॉप्टर पास झाला असं समजू नका. आतला कपॅसिटर थकला की मोकळं असताना १२ दाखवतो आणि सेट जोडून आवाज वाढवला की कोसळतो, म्हणून बेस आला की सेट बंद होऊन परत चालू होतो, दिवा लुकलुकतो. हे लक्षण दिसलं की आधी ॲडॉप्टर, आयसी नाही. उलट जुना जड, ट्रान्सफॉर्मरवाला १२ व्होल्टचा डीसी ॲडॉप्टर मोकळा मोजला तर १६ पण दाखवतो, तो खराब नाही, त्यांचं तसंच असतं.

यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकर मोठ्या आवाजाला फाटत असतील तर पोर्ट बदला. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३ चा ९००, आणि हबवर चार गोष्टी लावल्या असतील तर तेवढंही मिळत नाही.

पायरी ६: व्हॉल्यूमचं बटण

फिरवताना खरखर येणं, एका ठरावीक जागी एक स्पीकर बंद होणं, हे त्या बटणाखालच्या पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या भागात) धूळ आणि ओल बसल्यामुळे. सेट पूर्ण बंद, प्लग बाहेर, बटण ओढून काढा, दांडीच्या बाजूच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनर (इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा साफ करायचा स्प्रे) थोडा मारा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा, मग अर्धा तास वाळू द्या. दरवाजाच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे मारू नका, चार दिवस छान चालतं आणि मग तेलाला धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट होतं.

पायरी ७: डॉकवाले सेट

फोन किंवा आयपॉड वर खोचून वाजवायचे ते डॉक एके काळी लोकांनी हौसेने घेतले, कोणाला परदेशातून नातेवाईकांनी आणून दिले, आणि आता ते माळ्यावर पडून आहेत. त्यातले बरेच उत्तम आवाजाचे आहेत, म्हणून मला ते टाकून दिलेले बघवत नाहीत.

त्यांची रुंद पिन म्हणजे ३० पिनांचा कनेक्टर, तो २००३ मध्ये आला. २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लायटनिंग आलं आणि २०२३ मध्ये आयफोन १५ पासून टाइप-सी. म्हणजे डॉक बिघडलेला नाही, त्याला खोचायला फोन उरला नाही. डॉक उलटा करून मागे बघा, बहुतेकांना ऑक्स किंवा लाइन इन असं भोक असतं. त्यात ब्लूटूथ रिसीव्हरची डबी लावली की आजचा कुठलाही फोन चालतो. ऑक्स नसेल तर ३० पिनांवरच बसणारा ब्लूटूथ रिसीव्हर पण मिळतो. ऑक्स लावूनही आवाज येत नसेल तर डॉकवरचं सोर्स बटण दाबून ऑक्सवर आणा, आपोआप बदलेल असं धरून बसू नका.

जुना आयपॉड आहे आणि डॉकवर बसवल्यावर गाणी वाजतात पण चार्ज होत नाही, असं असेल तर दोष शोधू नका. सुरुवातीचे डॉक फायरवायरच्या (यूएसबीसारखी एक जुनी जोडणी) पिनांवरून १२ व्होल्ट द्यायचे आणि २००८ च्या बहुतेक मॉडेलांपासून ते चार्जिंग काढून टाकलं, आयफोन ३जी पासून ५ व्होल्टच घेतात.

मधूनच तुटत असेल तर पिना साफ करा. प्लग काढून, टूथब्रशला अल्कोहोल लावून, पिनांच्या लांबीच्या दिशेने, आडवं घासू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की या पिनांवर हिरवट थर धरतो, आणि स्वयंपाकघरात ठेवलेल्या डॉकवर तर फोडणीचा तेलकट थर पण. भिंगातून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा, एखादी पिन आत दबलेली असेल तर लगेच दिसते.

आणखी एक, अनेक डॉक आणि स्पीकर आवाज बारीक असला की काही मिनिटांनी स्वतः झोपतात. रात्री हळू गाणी लावल्यावरच बंद पडतो अशी तक्रार असेल तर फोनचा आवाज वाढवा आणि डॉकचा कमी करा.

आता लॅपटॉपचा डॉक, म्हणजे टाइप-सीच्या एका वायरीवर मॉनिटर, कीबोर्ड, स्पीकर सगळं. यातल्या अनेक डॉकमध्ये स्वतःचं साउंड कार्ड असतं, आउटपुटच्या यादीत ते "यूएसबी ऑडिओ" नावाने वेगळं दिसतं, ते निवडा. यादीतच नसेल तर डॉकचा ॲडॉप्टर भिंतीतून काढून, लॅपटॉपची वायर पण काढून, अर्धा मिनिट थांबा आणि आधी पॉवर मग लॅपटॉप असं जोडा. वायर चार्जरबरोबर आलेली लावली असेल तर बदला, त्यातून डेटा फार कमी जातो. गाणं वाजताना टिक-टिक होत असेल तर त्याच डॉकवरची हार्ड डिस्क काढून सरळ लॅपटॉपला लावा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये "वीज वाचवायला बंद करू द्या" या अर्थाची जी खूण असते ती काढा.

पायरी ८: आता डबा उघडा

आधी सावधगिरी. ज्या सेटची वायर सरळ भिंतीत जाते आणि आत जड ट्रान्सफॉर्मर नाही, त्यात एसएमपीएस (हलका इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) असतो आणि त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, प्लग काढल्यानंतरही काही वेळ राहतो. याची सवय नसेल तर तो जाणकाराकडे द्या, यात कमीपणा नाही. ट्रान्सफॉर्मरवाला सेट त्या मानाने बरा, तरी प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आलाय ते बघूनच बोट घाला.

मागचा पत्रा उघडलात की आधी नुसतं बघा. बेसच्या डब्याच्या गोल भोकातून झुरळं आत जातात, आणि मी दोनदा कुंभारमाशीने बोर्डावर बांधलेलं मातीचं घर काढलंय, ओल धरून त्याच्याखालचा तांब्याचा पट्टा खाल्ला गेला होता. ब्रशने झाडा, अल्कोहोलने पुसा. मग काचेचा फ्यूज, उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तार गुंडाळू नका. परत उडाला तर पुढे शॉर्ट आहे.

कपॅसिटरचं डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं, फुटलेलं किंवा बुडाशी तपकिरी चिकट दिसलं तर बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त, आणि अंगावरची पट्टी मायनस, जुना काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. नंतर सोल्डरचे टाके भिंगातून बघा, जड भागांच्या आणि सॉकेटच्या पायांभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं की तो टाका सुटलाय, सेटला थाप मारली की चालू होतो ना, त्याचं कारण बहुतेक हेच असतं. गरम करून थोडं नवीन सोल्डर द्या.

आयसी गेली असं म्हणायच्या आधी एक मोजणी करा. स्पीकर सोडून, व्हॉल्यूम शून्य, स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट आले तर ठीक. सरळ काही व्होल्ट आले तर मात्र बहुतेक आयसी खरंच गेली, आणि त्यावर स्पीकर जोडू नका, कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) जळेल. टीडीए२०३० सारखी पाच पायांची आयसी बदलताना मागची अभ्रकाची पट्टी आणि पांढरी पेस्ट परत लावायला विसरू नका, तिचा पत्रा आतून मायनसला जोडलेला असतो.

स्पीकर स्वतः तपासायचा तर त्याच्या दोन टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. "टक्" झालं आणि कोन हलला तर कॉइल जिवंत. मल्टिमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.८ दाखवतो आणि ८ ओहमचा ६ ते ७.५, ते बरोबर आहे. काहीच नाही दाखवलं तर टर्मिनलपासून कोनकडे जाणारी ती मऊ वेणीसारखी तार तुटलीय का बघा, ती जोडता येते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा, अगदी हलका आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. गणपतीत सोसायटीच्या मंडपात घरचे कॉम्प्युटर स्पीकर पूर्ण आवाजावर दहा दिवस लावतात तेव्हा हेच होतं, आवाज फाटत असताना तो तसाच चालू ठेवला की कॉइल तापून वाकडी होते, आणि मग तो स्पीकर बदलावाच लागतो, तेवढाच ओहम आणि तेवढाच इंच बघून. कडेचा फोम कुजलाय किंवा कागद थोडा फाटलाय तेवढंच असेल तर रबरी गोंद आणि पातळ कापडाची पट्टी चालते.

सगळं झालं की पत्रा लगेच बंद करू नका. सेट परत जोडा, हलक्या आवाजात तासभर वाजू द्या, समोर बसून राहा. मधे मधे प्लग काढून हीटसिंकला (आयसी थंड ठेवणाऱ्या पत्र्याला) बोट लावून बघा, कोमट ठीक, बोट ठेववत नाही इतकं गरम झालं तर काहीतरी राहिलंय, बंद करून परत टर्मिनलवरचा डीसी मोजा. तासाभराने सगळं शांत आणि कोमट असेल तर मग स्क्रू लावा.